हाताची सवय

काचेपलीकडच्या यंत्राने काम सुरू करण्याआधी समोरच्या बोर्डाला तळहात लावला आणि मग तोच हात वर नेऊन हवेत एका जागी थांबवला. त्याला डोकं नव्हतं. पण असतं, तर कपाळ बरोबर तिथेच आलं असतं.

शेजारच्या यंत्रानेही तसंच केलं. मग त्याच्या शेजारच्याने. मग अख्ख्या ओळीने.

"हे काय चाललंय?" मी विचारलं. कंपनीने मला त्या दिवशी हा नवा प्लांट बघायला पाठवलं होतं.

"झिरो होतायत," श्रेयस म्हणाला. तो या दोन नंबर प्लांटचा इंजिनिअर, माझ्याहून लहानच असेल. "म्हणजे सुरुवातीची पोझिशन घेतात. आम्हालाही आधी गंमत वाटलेली. सिस्टीम परदेशातून शिकून आलीय ना, तिथल्यांनी काहीतरी ठेवलं असेल."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार. पण मनात म्हटलं, परदेशातल्या कुठल्या कारखान्यात बायका शिफ्टच्या सुरुवातीला बोर्डाच्या पाया पडतात?

आमच्याकडे पडतात. हायवेच्या अलीकडे, शिरवळच्या एक नंबर प्लांटमध्ये. गाडीतल्या सगळ्या वायरी बांधून जो जुडगा होतो त्याला हार्नेस म्हणतात, आणि तो आम्ही बायका बांधतो. पिना ठोकलेला तिरका बोर्ड असतो. त्यावर वायरी फिरवायच्या, फांद्या काढायच्या, कापडी टेप गुंडाळायची. गाडीची बाकीची कामं यंत्रांनी कधीच घेतली होती. माल नेणारे ट्रकसुद्धा ड्रायव्हरशिवाय खंबाटकी घाट चढायला लागले होते. हे एकच काम आमच्या हातात उरलं, कारण वायर लोंबते. पत्रा ठेवला तिथे राहतो, वायर दोनदा एकसारखी पडत नाही. मुलीची वेणी घालताना केस कुठे ताणायचे आणि कुठे सैल सोडायचे हे जसं हाताला कळतं आणि तोंडाला सांगता येत नाही, तसं हे काम.

भोंगा झाला की सगळ्याजणी आधी बोर्डाला हात लावून कपाळाला लावायच्या. रुक्सानाबी शिकलगार बिस्मिल्ला म्हणून लावायच्या. मी कधीच लावला नाही. बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स केलेली बाई, फळीच्या काय पाया पडायचं? हे अर्थात मनात. तोंडाने मी कुणाला काही म्हणत नसे.

"बघा ना, तिसऱ्या नंबरचा हात कसला सफाईदार आहे," श्रेयस कौतुकाने म्हणाला.

मी तिसऱ्या नंबरच्या यंत्राकडे पाहिलं. त्याने टेपचं शेवटचं टोक चिकटवलं. बाकीची यंत्रं टोक अंगठ्याने दाबत होती. याने दाबलं नाही. त्याने तळहाताने दोनदा हलकेच थोपटलं, क्षणभर थांबलं, आणि मग एकदा लांब हात फिरवला. थोपटताना त्याचं करंगळीशेजारचं बोट ताठ वर उचललेलं होतं.

मी माझा उजवा हात ओढणीखाली घेतला.

लहानपणी सायकलच्या चेनमध्ये अडकल्यापासून माझं ते बोट वाकत नाही. आणि माझी मुलगी रुंजी झाल्यापासून, म्हणजे बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्यापासून, टेपचं टोक मी असंच बसवते. दोन थापट्या, एक हात. पाळण्यात तिला झोपवते तसं. मला स्वतःलाही हे कधी जाणवलं नव्हतं. ते मला एका यंत्राने दाखवलं.

"काय झालं?" श्रेयसने विचारलं.

"काही नाही. सफाईदार आहे खरंच."

*

ग्लोव्हज आले तेव्हा आम्ही खूश झालो होतो, हे कबूल करायला हवं. कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ. आत बारीक धागे, बोट किती वाकलं, हात कुठे गेला आणि किती जोर लागला हे मोजणारे. मनगटावर जास्त ताण आला की गुरगुरायचे. हार्नेसच्या लाइनवर मनगट जाणं हे सगळ्यांचंच दुखणं. कंपनीने लेखी दिलं होतं की हे फक्त आरोग्यासाठी, आणि त्यातली माहिती रोज पुसली जाते.

युनियनने तेव्हाच आक्षेप घेतला होता. आणि मी युनियनमध्ये नव्हते.

नसण्याचं कारण भिंतीपलीकडे झोपलेलं असायचं. आमच्या लाइनला लागूनच कंपनीचं पाळणाघर होतं. ते 'कुटुंब योजने'तलं, आणि कुटुंब योजनेत राहायचं तर कंपनीशी थेट करार करायचा. युनियनचं सभासद झालं की करार रद्द. मग मुलाला कायद्यापुरतं दुसरं पाळणाघर, हायवेच्या पलीकडे, उड्डाणपुलाखालून जावं लागतं ते.

दुसऱ्या कुणाला हे अंतर काहीच वाटणार नाही. पण रुंजीला ताप चढला की झटके येतात. पहिल्यांदा आले तेव्हा ती पाळणाघरातच होती. सेविकेने हाक मारली आणि मी टेपचं रीळ हातात घेऊनच पळाले. मी पोचले तेव्हा तिचे डोळे फिरलेले होते, ओठ निळे. मी तिला कुशीवर वळवलं. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की थांबेल, तोवर ताप चढू द्यायचा नाही आणि कुणीतरी जवळ हवं. तेव्हापासून मी काम करताना एक कान भिंतीला लावून ठेवला. ती भिंत म्हणजे माझा करार होता. बाकी अटी मी वाचल्याही नव्हत्या.

दोन नंबरहून परत आले त्या दिवशी घरी सुयश फोनवर बोलत होता. माझा नवरा डेअरीत टेक्निशियन आहे आणि फोन उचलला की आधी खाकरतो, मग हॅलो म्हणतो. रुंजी तेव्हा सव्वा वर्षाची. तिने टीव्हीचा रिमोट उचलला, कानाला लावला, आणि आधी खाकरली. मग म्हणाली, "आयो."

सुयश हसून लोळला. मी मात्र तिथेच खाली बसले, कारण यंत्रं काय करत होती ते मला त्या क्षणी समजलं.

ती यंत्रं सूत्रावर चालत नाहीत, नकलेवर चालतात. लोंबणाऱ्या वायरीचं सूत्र मांडता येत नाही, म्हणून त्यांना हजारो वेळा केलेलं काम दाखवतात. डोळ्याला काय दिसलं, बोटाला काय लागलं आणि मग हात कुठे गेला, एवढंच. त्यावरून यंत्र पुढची हालचाल ओळखायला शिकतं. पण काम कुठलं आणि सवय कुठली, हे त्याला कोण सांगणार? रुंजीला खाकरणं हा फोनचाच भाग वाटतो. प्रत्येक चांगला हार्नेस जर बोर्डाला हात लावून सुरू झाला असेल, तर यंत्राच्या लेखी हार्नेसची सुरुवात तीच. ते काढून टाकायला गेलं तर पुढचं सगळं डळमळतं, कारण त्याने सगळी साखळी तिथून धरलेली असते.

म्हणजे परदेशात वगैरे काही नाही. ती आमच्या ग्लोव्हजमधून शिकली होती. आमच्याकडून, आम्हाला न सांगता, आमच्याच जागेवर उभी राहण्यासाठी.

मला कामावरून काढलं असतं तरी माझा हात तिथे नोकरीला राहिला असता. माझ्या मुलीला थोपटायची माझी पद्धत, तिसऱ्या नंबरवर, तिन्ही पाळ्यांत.

*

"काय बीएस्सी, गेलीस म्हणं पल्याडच्या प्लांटात?" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रुक्सानाबी डबा घेऊन माझ्या समोर बसल्या. त्या युनियनच्या सेक्रेटरी, आणि लाइनवरच्या सगळ्यात जुन्या. "यंत्रं दिसायला कशी हायत? बरी असली तर माझ्या भाच्याला सुचव एखादं. त्याला पोरगी मिळंना."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "तुमचा तो अर्ज, ग्लोव्हजचा, कुठपर्यंत आला?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. "तिथंच हाय. कामगार खात्याच्या बाई म्हणत्यात, कंपनी लेखी देती की माहिती पुसतो. खोटं म्हणायचं तर डोळ्यानं बघितलेलं माणूस आणा, सही करणारं. तिकडं आमच्यातलं कुणाला सोडत न्हाईत."

"आणि बघितलेलं माणूस युनियनमध्ये नसेल तर?"

"तर ते माणूस एकटं असतंय," त्या म्हणाल्या. "एकट्या माणसाला दुसऱ्या दिवशी काय काय आठवेनासं होतं, ते मी लई बघितलंय."

"युनियनमध्ये येऊन मला काय मिळेल, रुक्सानाबी?"

"खरं सांगू? आधी जाईल. तुझं तर लगेच जाईल. मग मिळालं तर मिळंल."

"हे असं सांगून कोण येणार तुमच्याकडे?"

"म्हणून तर कोण येत न्हाई," त्या म्हणाल्या आणि माझ्या डब्यात वांग्याची भाजी वाढली. "खा. बारीक झालीस."

मला राग आला. खोटी आशा दाखवली असती तर सरळ नाही म्हणता आलं असतं.

*

संध्याकाळी केतकीने बोलावलं. केतकी आमची एचआर. वाईच्या कॉलेजात ती माझ्यापुढे दोन वर्षं होती आणि माझी अर्धीअधिक प्रॅक्टिकल्स तिच्या वह्यांवर निघाली होती. ती मला मॅडम म्हणू देत नसे.

"अगं ये ना, शर्वरी. रुंजी कशी आहे? परवा पाहिलं मी तिला, गालच आलेत नुसते." तिने चहा मागवला. "कसं वाटलं दोन नंबर? तुला तिथे ट्रेनर म्हणून घ्यायचं चाललंय. मीच नाव सुचवलं."

"ट्रेनर कुणाची? त्यांचं तर शिकून झालंय."

"म्हणजे?"

मी गप्प बसायला हवं होतं. आयुष्यभर बसले होते. पण ती माझ्या मुलीच्या गालांबद्दल बोलली होती, आणि मला वाटलं, हिला माहीत नसेल. हिला सांगितलं तर ही वर जाऊन बोलेल.

"तुमची यंत्रं नमस्कार करतात, केतकी. बोर्डाला हात लावतात आणि कपाळाशी नेतात. आपल्या बायकांसारखं. हे परदेशात कोण करतं?"

ती हसेल असं वाटलं होतं. निदान 'कसला नमस्कार?' असं तरी विचारेल. तिने कप बशीत ठेवला आणि शांतपणे विचारलं, "अजून काय काय दिसलं तुला?"

'काय म्हणतेस?' नाही. 'खरंच का?' नाही. *अजून* काय.

"काही नाही," मी म्हटलं. "एवढंच."

"हे बघ," ती खुर्ची जवळ ओढत म्हणाली, "मी मैत्रीण म्हणून सांगते. त्या युनियनवाल्या बायकांचं वेगळं आहे. त्यांना भांडायला काही जात नाही. तुला लहान मूल आहे, त्यात तिचं असं. भिंतीपलीकडे आहे म्हणून तुझा जीव थाऱ्यावर असतो, हो ना? कशाला उगाच?"

ती वाईट नव्हती. तिला खरंच माझी काळजी वाटत होती, आणि मला ती काळजी गळ्याभोवती आवळली जात असल्यासारखी वाटली. मी चहा संपवला, थँक्यू म्हटलं, पाळणाघरातून रुंजीला घेतलं. ती दिवसभराच्या झोपेने ऊन ऊन झाली होती. मी आधी तिच्या कपाळाला हात लावला. मी दर वेळी आधी कपाळालाच हात लावते. ताप नव्हता.

*

"वेडी झालीस का? युनियनमध्ये जायचं म्हणतेस?" सुयश म्हणाला. "आण्णांचं काय झालं विसरलीस? सातारा रोडला अख्खी कंपनी बसली संपावर. कंपनी गेली निघून गुजरातला आणि आण्णा बसले घरी. झेंडा अजून माळ्यावर आहे, उंदीर खातायत." आण्णा म्हणजे माझे सासरे.

"आण्णांना विचारलंस कधी, पश्चात्ताप होतो का म्हणून?"

"त्यांना कसला होतोय? तो आईला झाला."

हे उत्तर बरोबर होतं. रुंजी आमच्या मधे बसून एका बुटाशी खेळत होती.

"सुयश, तुझ्या डेअरीतल्या एखाद्या मशिनने उद्या खाकरून हॅलो म्हटलं तर?"

"तर मी म्हणेन, सर्दी झालीय त्याला."

"चेष्टा नको. मी रुंजीला थोपटते तसं ते मशीन टेपला थोपटतं. माझं हे बोट आहे ना, हे, ते सुद्धा तसंच वर. मी कुणालाच सांगितलेलं नाही. केतकीलाही नाही, रुक्सानाबींनाही नाही. तुला सांगतेय."

त्याने माझा हात हातात घेतला आणि ते बोट उगाचच वाकवून पाहिलं, जसं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं होतं. वाकलं नाही.

"आणि तिला झटका आला आणि तू हायवेच्या अलीकडे असलीस तर?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण ती मोठी झाल्यावर तिला काय सांगू? तुला झोपवायची रीत मी कंपनीला देऊन टाकली, कारण भिंत जवळ होती?"

"हे वाक्य छान आहे गं," तो चिडून म्हणाला, "पण ताप वाक्याने उतरत नाही."

तो रुसून झोपला. सकाळी उठला, माझ्या पिशवीत थर्मामीटर, औषधाची बाटली आणि रुंजीची जास्तीची दुपटी भरली आणि म्हणाला, "पुलाखालून जाताना उजवीकडून जा. डावीकडे पाणी साठतं." मला तेवढं पुरे होतं.

मी रुक्सानाबींच्या हातातलं पेन घेऊन युनियनच्या फॉर्मवर सही केली. त्यांनी टाळ्या वगैरे काही वाजवल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता तक्रारीवर पण कर. एकदा पेन हातात घेतलंयस तर."

*

पाळणाघर त्याच आठवड्यात गेलं. नवं पाळणाघर स्वच्छ होतं, सेविकाही चांगली होती. पण आता माझ्या कानाशी नुसती भिंत होती आणि तिच्यापलीकडे दुसऱ्यांची मुलं रडत होती. प्रत्येक रडण्याला माझा हात थांबायचा.

एकदा दुपारी फोन आला, रुंजीचं अंग गरम लागतंय. मी सुपरवायझरला न विचारता निघाले. गेटवर पिशवी तपासली, सर्व्हिस रोडला विनाचालक ट्रकांची रांग लागलेली. ते ट्रक माणूस दिसलं की आपोआप थांबतात. थांबले. मी त्यांच्यामधून पळत सुटले आणि पळता पळता कंपनीला, रुक्सानाबींना, युनियनला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या दिल्या. पुलाखालून डावीकडूनच गेले आणि घोट्यापर्यंत पाण्यात.

रुंजी मजेत होती. उन्हात खेळल्याने अंग तापलेलं. माझे ओले पाय बघून टाळ्या पिटायला लागली. मी तिथल्या पायरीवर बसून रडले. त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं की युनियन परवडली का, तर मी विचारणाऱ्याला तीच ओली चप्पल मारली असती.

*

तपासणीच्या दिवशी रुंजीला सर्दी होती. सर्दीवालं मूल पाळणाघरात घेत नाहीत. सुयशला रजा मिळेना. म्हणून मी तिला कडेवर घेऊनच दोन नंबरला गेले.

कामगार खात्याच्या आवळे मॅडम, पन्नाशीच्या, पायात साध्या चपला, काचेसमोर उभ्या होत्या. रुक्सानाबी त्यांच्या शेजारी. पलीकडे केतकी आणि श्रेयस. केतकीने रुंजीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"सुरू करा," आवळे मॅडम म्हणाल्या.

यंत्रं सुरू झाली. एकाही हाताने बोर्डाला स्पर्श केला नाही.

रुक्सानाबींनी माझ्याकडे पाहिलं. मीच केतकीला सांगितलं होतं. त्यांनी ते काढून टाकलं होतं.

"तक्रारीत म्हटल्याप्रमाणे नमस्कार वगैरे काही दिसत नाही," केतकी म्हणाली. आवाज अगदी सभ्य. "सुरुवातीला कॅलिब्रेशनची एक पोझिशन होती. काहींचा गैरसमज झाला असेल."

पण यंत्रांना काहीतरी झालं होतं. हात वायरीवर जाऊन थबकत होते, माघारी येत होते, पुन्हा जात होते. सण असूनही घरात देव नसल्यासारखे बावरलेले. एकाने वायर उचलली आणि चुकीच्या पिनेवर घातली. श्रेयसच्या कपाळावर घाम आला. "आज जरा... सेटिंग बदललंय," तो पुटपुटला.

"मॅडम, एक हार्नेस पूर्ण होईपर्यंत थांबाल?" मी म्हटलं. "शेवटपर्यंत. तिसऱ्या नंबरचा बघा."

"शेवटी काय आहे?" केतकीने झटकन विचारलं.

"शेवट आहे," मी म्हटलं.

वेळ लागला. रुंजी कंटाळली, नाक ओढत किरकिर करायला लागली. कडेवर नको, खाली नको, काहीच नको. मी तिला खांद्यावर घेतलं आणि काचेकडे बघत राहिले. तिसऱ्या नंबरच्या यंत्राने अडखळत अडखळत शेवटची फांदी पुरी केली. टेप गुंडाळली. टोक चिकटवलं.

दोन थापट्या. क्षणभर थांबलं. एक लांब हात.

मी बोलायला तोंड उघडलं आणि पाहिलं तर आवळे मॅडम काचेकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. रुंजी खांद्यावर पेंगुळली होती आणि माझा हात, मला न विचारता, तिच्या पाठीवर चालला होता. दोन थापट्या. थांबणं. एक लांब हात. ताठ उचललेलं बोट.

मॅडमनी पुन्हा काचेकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.

"ही आधी येऊन गेलीय इथे," केतकी घाईने म्हणाली. "तिने हे पाहिलंय. पाहून तसं कुणालाही करता येईल."

"इकडे करा हात," मॅडम मला म्हणाल्या. मी डावा हात रुंजीखाली सरकवून उजवा पुढे केला. त्यांनी माझं बोट धरलं आणि वाकवायला गेल्या. जरा जोर लावला. मी ओठ आवळले. बोट होतं तसंच राहिलं.

"कधीपासून?"

"शाळेत असल्यापासून. सायकलची चेन."

"हं." त्या श्रेयसकडे वळल्या. "तुमच्या यंत्राचं हे बोट वाकतं का?"

"हो मॅडम. सगळी बोटं वाकतात. पूर्ण."

"मग ते वाकवत का नाही?"

केतकी काहीतरी बोलणार होती. श्रेयसने तिच्याकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्यावर झोपलेल्या मुलीकडे बघत होता.

"कारण," तो म्हणाला, "त्याला तसंच शिकवलंय."

रुक्सानाबी हळूच म्हणाल्या, "या अल्ला." मग मला कोपराने ढोसलं. "एवढं पोटात ठिवलं व्हतंस व्हय गं, बीएस्सी? मला पण बोलली न्हाईस!"

"तुम्हीच म्हणालात ना, एकट्या माणसाला आठवेनासं होतं. म्हणून नीट लक्षात ठेवलं."

"आता एकटी हायस का?" त्यांनी रुंजीचं नाक स्वतःच्या पदराने पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आण इकडं तिला. खांदा भरला असंल."

*

फार काही जिंकलो असं नाही. आवळे मॅडमनी दोन नंबर बंद ठेवायला सांगितला, आणि युनियनशी लेखी करार होईपर्यंत ग्लोव्हज घालायचे नाहीत असा आदेश दिला. कंपनी त्याविरुद्ध वरच्या कोर्टात गेली आहे. वकील मोठा आहे. पाळणाघर अजून हायवेच्या पलीकडेच आहे, आणि मी अजून दिवसातून कितीदा तरी भिंतीकडे कान लावते, सवयीने. करारात आम्ही मागितलंय की आमचा हात कुठेही शिकवायला वापरला तर आधी विचारायचं, आणि त्या हाताने जे काम होईल त्यातून आम्हाला काढून टाकायचं नाही. मिळेल का, माहीत नाही. रुक्सानाबी अजूनही तेच म्हणतात, मिळालं तर मिळंल.

सुयश अधूनमधून विचारतो, "मग? परवडलं का?"

मी त्याला म्हणते, तू हे ज्या बाईला विचारतोयस ती मी आता राहिले नाही. जी होते तिला परवडलं नसतं.

आदेशाच्या दुसऱ्या दिवशी लाइनवर नवी सूचना लागली होती. 'स्वच्छतेच्या कारणास्तव काम सुरू करण्यापूर्वी बोर्डाला विनाकारण हात लावू नये.' ग्लोव्हज कधीतरी परत आले तर त्यात सवयी नकोत, नुसतं काम हवं, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्याजणी वाचत उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "आता काय, सोवळ्यात ठेवू का बोर्डाला?" हशा पिकला. मागे केतकी दारात उभी होती.

भोंगा झाला. हशा थांबला. बायकांचे हात जरासे अडखळले, त्या दिवशीच्या यंत्रांसारखे. एकमेकींकडे बघायला लागल्या, पहिली कोण.

मी कधीच बोर्डाला हात लावला नव्हता. त्या फळीत मला अजूनही देव दिसत नाही.

मी उघडा तळहात बोर्डावर ठेवला. पिना टोचल्या. मग तोच हात वर नेऊन कपाळाला लावला, ताठ बोटासकट, आणि दारातल्या केतकीला नीट दिसेल इतका वेळ तिथेच ठेवला.

माझ्या मागे, ओळीत, एकामागून एक, बोर्डांवर हात पडल्याचे आवाज यायला लागले.